घबराटीचा आळ

वैनगंगेच्या पात्रात किंवा गोसीखुर्दच्या जलाशयात कधी एखादी नाव उलटली, की घाटावर जमलेल्या मंडळींत, प्रेते अजून हाती लागली नसतानाच, निकाल दिला जातो: माणसे घाबरली, एका बाजूला धावली आणि आपल्याच हाताने बुडाली. भंडाऱ्यात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि ते उच्चारणारे गृहस्थ दाखल्यादाखल बहुधा दोनच नावे घेतात, एक ‘रामदास’चे आणि दुसरे ‘टायटॅनिक’चे. ज्यांना स्वतःची कैफियत मांडता येत नाही अशा मृतांवर या समजुतीने आळ येतो, म्हणून दोन्ही दाखले तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते.

१७ जुलै १९४७, आषाढी अमावास्येचा सण. त्या सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट उतारूंनी खच्चून भरली होती. काशाच्या खडकाच्या आसपास पावसाळी समुद्राच्या लाटा आत घुसू लागल्या, उतारू पाण्यापासून दूर, विरुद्ध बाजूला सरकले, आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. आता मला कोणी सांगावे, ज्या बाजूने समुद्र अंगावर येतो तिथून मागे हटणे, यात वेडेपणा कोणता? बोटीत शिरलेले पाणी कलत्या बाजूकडे वाहते आणि तिचा तोल आणखी घालवते. वरच्या भागात माणसे दाटली की भारमध्य उंचावतो, आणि मग थोडा झोकही तिला पुरतो. डोंगा चालवणारा आपल्याकडचा ढिवर पुस्तक न वाचताही हे जाणतो. माणसे काठावर असतानाच तो मोजतो, आणि जास्तीच्यांना पुढच्या खेपेची वाट पाहायला लावतो. भर समुद्रात, चहूकडून पाणी येत असताना, उतारूंनी कोणत्या बाजूला उभे राहायचे, हा प्रश्न धक्का सोडण्यापूर्वीच सुटायला हवा होता.

‘टायटॅनिक’चा दाखला तर या समजुतीच्या नेमकी उलट साक्ष देतो. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी हिमनगाची धडक बसली आणि जहाज बुडायला २ तास ४० मिनिटे लागली. पण या अवधीत रेटारेटीपेक्षा घातक ठरला तो अविश्वास. एवढे प्रचंड जहाज बुडेल हे उतारूंना खरेच वाटेना, उजेडाचा डेक सोडून काळोखात लोंबणाऱ्या होडीत बसायला ते राजी होईनात, आणि ६५ जणांसाठी बांधलेली पहिली होडी अवघ्या २८ जणांना घेऊन पाण्यात उतरली. सुमारे १,५०० माणसे मेली. जहाजावर सुमारे २,२०० जीव होते आणि सर्व होड्या मिळून जागा होती १,१७८ जणांची, हा हिशेब बंदर सोडण्याआधीचा आहे. त्याचे खापर घबराटीवर कसे फुटेल?

शंका घेणाऱ्यांसाठी हवाला देतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारांटेली यांनी आपत्तीतल्या माणसांच्या वर्तनाचा अभ्यास कित्येक दशके केला, आणि सैरावैरा, बेभान पळापळ ही विरळा गोष्ट आहे, असाच त्यांचा निष्कर्ष राहिला. माणसे आधी थबकतात, शेजाऱ्याला विचारतात, आप्तांना शोधतात. मौल्यवान मिनिटे त्यातच जातात. वेळ अगदीच अपुरा असला तर मात्र चित्र पालटते: १९१५ साली अठरा मिनिटांत बुडालेल्या ‘लुसिटानिया’वर धडधाकट तरुणांचा निभाव अधिक लागला. पण जीव वाचवण्याची धडपड म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे.

‘चेंगराचेंगरी’ हा शब्दही असाच दोष झाकतो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात, पोलिसांच्या लाठीमारानंतर, अडथळ्यांमुळे वाट न उरलेल्या मोर्चातले ११४ गोवारी बांधव मरण पावले, त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले. त्या मरणालाही आपण गर्दीचा दोष चिकटवतो, तेव्हा मला संताप आवरत नाही.

उरलेले गैरसमज थोडक्यात. ‘बायका-मुले आधी’ हा सागरी नियम आहे, असे मानतात. उप्साला विद्यापीठाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली अठरा जहाजदुर्घटना पडताळल्या, त्यांत ‘टायटॅनिक’ अपवाद ठरले, आणि एकंदरीत स्त्रियांचा बचाव पुरुषांहून कमी, तर मुलांचा सर्वांत कमी निघाला. कप्तान जहाजाबरोबरच बुडतो, ही दुसरी आख्यायिका. त्याच पाहणीत कप्तान आणि खलाशी उतारूंहून अधिक प्रमाणात वाचलेले आढळले. ‘टायटॅनिक’चे लोक बुडून मेले, हेही अर्धसत्य, पाण्यात पडलेल्या बहुतेकांचा जीव थंडीने घेतला. आणि संकटात जो तो आपल्यापुरता, असे म्हणणाऱ्यांनी ‘रामदास’ची कथा शेवटपर्यंत वाचावी: मुंबईला मासळी घेऊन निघालेल्या रेवसकडच्या कोळ्यांनी त्या खवळलेल्या समुद्रात, माणसांना जागा व्हावी म्हणून, आपल्या होड्यांतली मासळी पाण्यात फेकून दिली.