गाईचं सोसत नाही? मग शेळीचंही नाही

बाळाला वरचं दूध सुरू केलं, अंगावर पुरळ उठलं, शीमध्ये रक्ताचे धागे दिसले आणि डॉक्टरांनी गाईच्या दुधाच्या अॅलर्जीची शंका बोलून दाखवली, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "मग शेळीचं द्या, हलकं असतं." वर "गांधीजी तेच प्यायचे" ही पुस्ती. गांधीजींनी गाई-म्हशीचं दूध सोडलं होतं ते व्रत म्हणून, अॅलर्जीमुळे नव्हे. आणि शेळीचं दूध घ्यायला लागले तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते!

शेळीच्या दुधातले स्निग्धकण लहान असतात, एवढं खरं. पण अॅलर्जी स्निग्धांशाची नसतेच. बाळाची प्रतिकारयंत्रणा बिथरते ती प्रथिनांवर; मुख्यतः केसीन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनवर. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या दुधातली ही प्रथिनं इतकी सारखी आहेत, की एकीच्या दुधावर बिथरलेलं शरीर सहसा दुसरीचंही सोसत नाही. पटत नसेल तर इटलीतल्या संशोधकांची १९९९ साली प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा. गाईच्या दुधाची अॅलर्जी असलेल्या २६ मुलांना, काय पाजतोय हे कुणालाही कळू न देता, शेळीचं दूध दिलं गेलं. २४ जणांना त्रास झाला. यानंतरही "आमच्याकडे एकाला चाललं होतं" हे ऐकावं लागतं. चाललं असेल, त्या बाळाला मुळात अॅलर्जी होती का, हे कुणी तपासलेलं नसतं. शिवाय शेळीच्या दुधात फोलेट फारच कमी असतं. केवळ त्यावर वाढवलेल्या बाळांना रक्तक्षय होऊ शकतो. दूध उकळूनही अॅलर्जी टळत नाही, केसीन उष्णतेला फारशी दाद देत नाही.

देशी गाईच्या 'ए-टू' दुधाचंही तेच. फरक आहे तो बीटा-केसीनमधल्या एका अमिनो आम्लाचा. बाकीची प्रथिनं जिथल्या तिथे. गाढविणीचं दूध मात्र आईच्या दुधाला रचनेने जवळचं, आणि अॅलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना ते सोसतं. पण त्यात स्निग्धांश नावापुरताच, त्यावर बाळसं धरणार नाही. आणि गल्लीत पिळून कच्चं पाजलं तर जंतुसंसर्गाची भीती आहेच.

आता बाळांच्या पावडर दुधाचा डबा. त्यावर लिहिलेलं 'हायपोअॅलर्जेनिक' म्हणजे अॅलर्जी होणारच नाही, असं नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली कसोटी सांगितली ती अशी: दुधाची अॅलर्जी असलेल्या किमान ९० टक्के बाळांना ते सोसलं पाहिजे. त्यात बसतात 'एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड' डबे, ज्यांत प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेले असतात. चव कडवट, वास उग्र, शी हिरवट. यावरून डबा खराब निघाला असं समजू नका. उरलेल्या बाळांसाठी, आणि तीव्र प्रतिक्रिया आलेल्यांसाठी, केवळ अमिनो आम्लांचा डबा असतो. तो महाग आहे, म्हणून जास्त चांगला असं मात्र नाही. गरज नसेल तर तो कशाला?

'पार्शली हायड्रोलाइज्ड', म्हणजे प्रथिनांचे अर्धवटच तुकडे केलेला डबा अॅलर्जी झालेल्या बाळासाठी नाही, मग त्याच्यावर 'एचए' (हायपोअॅलर्जेनिक) का लिहिलेलं असेना. लॅक्टोज-फ्री डब्यात साखर बदललेली असते, दुधाची प्रथिनं तशीच असतात. सोयाचा डबा सहा महिन्यांच्या आत देऊ नये, असं युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांनी २०१२ साली सांगितलं होतं. त्यानंतरही काही बाळांना सोया सोसत नाही.

बाळ अंगावर पीत असेल तर डबा शोधायचीच गरज नाही. गाईच्या दुधातली प्रथिनं आईच्या दुधात अल्प प्रमाणात उतरतात. त्याने त्रास होत असेल तर आईने दूध, दही, ताक, पनीर, खवा बंद करायचा, पाजणं नाही. तिच्या कॅल्शियमची सोय डॉक्टरांना विचारून करावी. नुसत्या नाचणीवर विसंबू नये.

आणि निदान पक्कं करून घ्या. दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद ठेवून लक्षणं गेली, तर ते पुन्हा देऊन पाहणं हा तपासणीचाच भाग आहे. "आता बरं वाटतंय, कशाला छेडा" म्हणून पुष्कळ घरांत हा टप्पा गाळला जातो, आणि अॅलर्जी नसलेलं बाळ महिनोन्‌महिने महागड्या डब्यावर राहतं. ज्याला श्वास लागला होता किंवा ओठ-चेहरा सुजला होता, त्याला मात्र घरी कधीही देऊन पाहू नये. ती चाचणी रुग्णालयातच होते.