स्वतःविषयी बोलणाऱ्या संख्या



एक चार अंकी संख्या शोधायची आहे. तिचा डावीकडून पहिला अंक त्या संख्येत शून्ये किती आहेत ते सांगतो. दुसरा अंक सांगतो की तिच्यात १ किती वेळा आला, तिसरा २ किती वेळा आणि चौथा ३ किती वेळा. थोडक्यात, संख्येने स्वतःचीच खानेसुमारी करायची. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडे अशा कोड्याला पहेली म्हणतात, आपल्या भागातील आज्या हुमाणे म्हणतात. नाव कोणतेही घ्या, पण पुढे वाचण्याआधी पाच मिनिटे कागद-पेन्सिल घेऊन बसा.

बहुतेक मुले अंदाजाने आकडे लिहून पाहतात. त्यात गैर काही नाही, पण विचार केला तर काम फार कमी होते. चारही अंक मोजणीचे आहेत आणि मोजायच्या जागा एकूण चार. म्हणून चारही अंकांची बेरीज ४ आलीच पाहिजे. आता हीच बेरीज दुसऱ्या वाटेने करू. दुसरा अंक जितका, तितके १ संख्येत आहेत. तिसरा अंक जितका, तितके २ आहेत आणि चौथा जितका, तितके ३. म्हणून दुसरा अंक, तिसऱ्याची दुप्पट आणि चौथ्याची तिप्पट यांची बेरीजही ४ च हवी.

आता चौथा अंक १ धरला तर दुसरा १ आणि तिसरा ० येतो. पहिला उरतो २. संख्या झाली २१०१. हिच्यात शून्य एकच आहे आणि पहिला अंक तर दोन सांगतो! ती बाद. चौथा २ किंवा अधिक असूच शकत नाही, कारण तिप्पट ४ च्या पुढे जाते. म्हणून चौथा अंक ०. मग तिसरा २ घेतला तर २०२० मिळते, १ घेतला तर १२१० मिळते. तिसरा ० घेतला तर ०४०० येते, आणि ती चार अंकी संख्याच नव्हे. उत्तरे दोनच: १२१० आणि २०२०.

२०२० हे वर्ष शाळा बंद होत्या म्हणून आपल्या सर्वांच्या लक्षात राहिले आहे. ते असे स्वतःचे वर्णन करणारे वर्ष होते, हे तेव्हा फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल. याआधीचे तसे वर्ष १२१० होते, आणि यापुढे चार अंकी वर्षांत तसे एकही येणार नाही. हाच खेळ दहा अंकी संख्येचा केला तर एकच उत्तर मिळते: ६२१०००१०००. सहा शून्ये, दोन वेळा १, एकदा २, एकदा ६. मोजून पाहा.

अशा खेळांत आयुष्य रमवलेला माणूस आपल्या मराठी मुलखातलाच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. विद्यापीठात जागा नाही, हाताशी मोठे ग्रंथालय नाही. त्यांचे ६१७४ पुष्कळांनी ऐकले आहे, म्हणून ते सोडून त्यांच्या दुसऱ्या एका शोधाकडे वळतो. मला तो जास्त आवडतो.

कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १४ मध्ये १ आणि ४ मिळवले की १९. म्हणजे १४ ही १९ ची जनक. १९ पासून २९, २९ पासून ४०, अशी वंशावळ पुढे चालते. कापरेकरांनी उलटा प्रश्न विचारला: जिला जनकच नाही अशी संख्या आहे का? आहे. १ ते ९ पासून २, ४, ६ असे करत १८ पर्यंतच्या सम संख्या मिळतात. १० पासून ११, ११ पासून १३, १२ पासून १५, असे विषम आकडे पुढे जातात. मध्ये २० राहून जाते. ती कोणापासून झालेली नाही. ३१, ४२, ५३ याही तशाच. जपमाळेचे १०८ सुद्धा तसेच. देवळातल्या न घडवलेल्या पाषाणाला आपण स्वयंभू म्हणतो. या संख्यांनाही तोच शब्द शोभतो. अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा जगाचे त्यांच्याकडे लक्ष गेले. तोवर मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.

सालांवर हा खेळ छान रंगतो. चार अंकी संख्येच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त ३६, म्हणून जनक शोधायला ३६ पेक्षा मागे जावे लागत नाही. पोर्तुगीजांनी आपला हळर्णचा किल्ला घेतला ते साल १७४६. त्याचा जनक १७२८. गोवा मुक्त झाला १९६१ साली, जनक १९३९. घटक राज्य झाले १९८७ साली, जनक १९७०. २०२२ स्वयंभू होते, यानंतरचे स्वयंभू वर्ष २०३३. आणि २०२५ ला तर दोन जनक आहेत, १९९८ आणि २०१६! शिवाय २०२५ म्हणजे ४५ चा वर्ग, आणि त्याचे दोन तुकडे २० आणि २५ मिळवले की पुन्हा ४५. वर्ग करून, तोडून, जोडून मूळ संख्या परत देणाऱ्या अशा संख्यांना कापरेकर संख्याच म्हणतात. ९, ५५ आणि ९९ घेऊन पाहा.

पालक सभेत एका गृहस्थांनी विचारले, "सर, ह्याला परीक्षेत किती गुण?" प्रश्न रास्त आहे. शून्य गुण. तरीही शनिवारची शेवटची तासिका यासाठीच राहावी असे माझे विश्वस्त मंडळाला सांगणे आहे, आणि त्याचे कारण वेगळे आहे. गणितात घाबरणारे मूल बेरजेला तितके घाबरत नाही. ते लाल शाईला घाबरते. उत्तर बरोबर की चूक, हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळते. २१०१ चूक आहे हे सांगायला मात्र शिक्षकही नको आणि गाईडही नको, ती संख्या स्वतःच सांगते. सातवीतील एक मुलगी, जी वर्गात फळ्याजवळ यायला तयार नसे, तिने एकटीने बसून १०८ ची तपासणी केली आणि मला पूर्ण मांडून दाखवली. तिला कोणी बरोबर म्हणण्याची गरज पडली नाही.

आता घरचा अभ्यास. असेच वर्णन करणारी पाच अंकी संख्या एकच आहे, ती शोधा. पाचवा अंक ४ किती वेळा आला ते सांगेल. सहा अंकी संख्या शोधू नका, एकही नाही. का नाही, हे जो पटवून देईल त्याची मांडणी पुढच्या अंकात त्याच्या नावासह छापू. कागद कार्यालयाबाहेरच्या पेटीत टाकावेत. पालकांचेही चालतील.