आधी काटा, मग स्प्रिंग
गाडी मागून बसली की आपण गॅरेजवाल्याला सांगतो, "एक पाटा वाढव." जरा थांबूया. लडाखला निघताना 40 लिटर जादा डिझेल घेतलं, की तेच सुमारे 33 किलो. वर पाणी, तंबू, माणसं. भरलेली गाडी आधी वजनकाट्यावर न्यायची, पुढची-मागची चाकं वेगवेगळी तोलायची.

स्प्रिंग वजन पेलते, तिची उसळी आवरतो शॉकअप. नुसती स्प्रिंग कडक केली, तर जुन्या शॉकअपला ती आवरत नाही. खडबडीत रस्त्यावर त्यातलं तेल तापतं, गाडी डोलत राहते. म्हणून दोन्ही जोडीनंच बदलायचे.

आणि हो, गाडी उचलली गेली म्हणून घाट उतरताना ब्रेक जास्त धरत नाहीत! कंपनीनं ठरवलेली वजनाची मर्यादा तीच राहते. काटा तिच्या पुढे गेला, तर आपण सामान उतरवायचं, टपावरचं आधी.