‘दुसरी कविता’ कशासाठी?

सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीचे कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. २०१७ साली संजीवनी जाधवने तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत त्याच अंतराचे रौप्यपदक जिंकताच नाशिककरांना ‘दुसरी कविता’ गवसली. वस्तुतः विद्यार्थ्यांपुरती स्पर्धा आणि आशियाई स्पर्धा एका तराजूत तोलता येत नाहीत. निर्देशांकालाही आधारवर्ष लागते. येथे मात्र एकीची उमेद दुसरीच्या सिद्ध कर्तृत्वाने मोजली गेली. दोघींना जोडणारा खरा दुवा निराळाच आहे. विजेंद्रसिंग यांनी दोघींनाही नाशिकमध्येच घडविले. तेव्हा दुसरी कविता शोधण्यापेक्षा असे प्रशिक्षक घडविणे अधिक निकडीचे आहे. धावपटू उपमेने घडत नाहीत. वर्षानुवर्षांच्या शिक्षणाने घडतात.