बाटली आणि तिचे झाकण

पंचगंगेचा पूर ओसरला की काठच्या झाडाझुडपांना प्लॅस्टिक लटकलेले दिसते. हे सारे एकत्र वितळवून त्याच्या नव्या वस्तू का करीत नाहीत, असे पालक आम्हांला विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर रेणूंच्या स्वभावात आहे.

प्लॅस्टिक हे एकाच पदार्थाचे नाव नव्हे. पाण्याची बाटली 'पेट' या बहुवारिकाची असते, तर तिचे झाकण बहुधा पॉलिएथिलीनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे. बहुवारिक म्हणजे असंख्य लहान रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी.

सुटी ज्वारी आणि बाजरी सुपात सहज मिसळतात. परंतु त्याच दाण्यांच्या लांबलचक माळा ओवल्या, तर दाणे हवे तसे विखुरणार नाहीत. रेणूंचेही तसेच आहे. सुटे रेणू असंख्य प्रकारे विखुरू शकतात आणि त्या ओढीने मिश्रण घडते. साखळीतील रेणूंना ती मोकळीक नसते. त्यामुळे दोन साखळ्यांत अल्पसे वैमुख्य असले, तरी त्या विलग होतात. हे गणित पॉल फ्लोरी व मॉरिस हगिन्स यांनी १९४१-४२ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडले. फ्लोरी यांना १९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन या दोहोंत केवळ कार्बन आणि हायड्रोजन असतात. तरीही त्यांचे एकजीव मिश्रण होत नाही. वितळवून ढवळले, तरी एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात वेगळेच राहतात. त्यांच्या सीमेवरील पकड दुबळी असल्याने वस्तू ताण पडताच तेथे तडकते. याउलट पॉलिस्टायरीन व पॉलिफेनिलीन ईथर यांच्या साखळ्यांत परस्पर आकर्षण असल्याने ती दोन्ही पूर्णपणे मिसळतात. जेथे असे आकर्षण नसते, तेथे दोहोंशी नाते जोडणारा मध्यस्थ रेणू घालावा लागतो. तेल व पाणी यांत साबण जे काम करतो, तेच हा करतो. मात्र त्याने खर्च वाढतो.

म्हणून वितळवण्यापूर्वी वेगळे करणे अपरिहार्य ठरते. बाटलीचे व झाकणाचे तुकडे पाण्याच्या बादलीत टाकून पाहावेत. पेटची घनता पाण्याच्या सुमारे १.३८ पट असल्याने ते बुडते. झाकण हलके असल्याने तरंगते. पुनर्वापराच्या कारखान्यांतही हीच युक्ती योजतात.

परंतु त्याआधीची निवड माणसांच्या हातांनीच होते. कचरा वेचणाऱ्या भगिनी पिशवी, बाटली, डबा वेगवेगळा करतात, तेव्हा रेणूंना जे साधत नाही त्याची तजवीज त्या करीत असतात. ओला कचरा आणि सुके प्लॅस्टिक आपण घरीच वेगळे ठेवले, तर त्यांचे हात घाणीत बुडणार नाहीत आणि त्यांच्या मालाला भावही बरा मिळेल. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी एवढे अवश्य करावे.