अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आलं. त्यामुळे बारामती-इंदापुरातल्या मराठी शाळेतलं सहा वर्षांचं मूल एकाच वेळी दोन लिप्या शिकतं. मराठीत अक्षर म्हटलं की त्याचा आवाज जवळजवळ हाती येतो. इंग्रजीत तसं होत नाही. ‘सी-ए-टी’ कितीही घोकलं, तरी त्यातून ‘कॅट’ ऐकू येत नाही.

सिंथेटिक फोनिक्स या वाचन शिकवण्याच्या पद्धतीत अक्षराच्या नावाआधी त्याचा आवाज शिकवतात. याच पद्धतीच्या जॉली फोनिक्स या कार्यक्रमात सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांनी होते. एवढ्यावरच ‘पिन’, ‘टॅप’, ‘सिट’ जुळवून वाचता येतात. सव्वीस अक्षरं संपायची वाट पाहावी लागत नाही.

आपल्याकडे गाडी अडते ती उच्चारात. सवयीने आपण ‘प-इ-न’ म्हणतो आणि मूल ‘पइन’ वाचतं. व्यंजनाचा पाय मोडून ‘प्-इ-न्’ म्हटलं की शब्द चटकन जुळतो. पालकांनी निदान एवढं तरी सांभाळावंच.

‘वन’, ‘सेड’ असे आडमुठे शब्द मात्र वेगळे लक्षात ठेवावे लागतात. शिवाय वाचलेल्या शब्दाचा अर्थ मुलाला कळायलाच हवा. ‘टॅप’ वाचल्यावर त्याला नळ दाखवा. गोष्टी ऐकवणं, गप्पा मारणं सोडून नुसते आवाज जुळवत बसलं, तर वाचनाची गोडी लागणार कशी? वाचन शिकवण्याचं एक उदाहरण बघण्यासारखं आहे. नीरा नदीपलीकडे फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. मुलांच्या मराठी वाचन-लेखनावर तिथे मनापासून काम झालं आहे. बारामती-इंदापूरच्या शिक्षकांना ती शाळा फार दूर नाही.