पगारपत्रकातली एक बारीक ओळ

महिनाअखेर पगारपत्रक हाती आले की आपण पांढरपेशी माणसे आधी हातात पडणारा आकडा पाहतो, मग कपातींवरून नजर फिरवतो आणि प्राप्तिकराला मनातल्या मनात चार शब्द सुनावतो. त्या कपातींत 'व्यवसाय कर' अशी एक बारीक ओळ असते. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300. समाजवाद म्हटला की आपल्याला लाल बावटे आणि मोर्चे आठवतात. परंतु महाराष्ट्रातील समाजवादाचा सर्वांत अस्सल तुकडा याच ओळीत दडलेला आहे.

त्याची कथा बहात्तरच्या दुष्काळाची. आमच्या मराठवाड्यात वडीलधारी मंडळी अजून त्या सालावरून वये मोजतात. विहिरी आटल्या, दावणीची जनावरे कवडीमोलाने बाजारात गेली, मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाऊन माणसे खडी फोडू लागली. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती.

दुष्काळी कामे इंग्रजांनीही काढली होती म्हणा! 1877 साली टेंपलसाहेबांनी मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि किरकोळ पैशांवर आणून ठेवली, तेव्हा मुंबई इलाख्यात मजूर कामे सोडून निघून गेले. सरकारची मर्जी असेल तेवढे मिळायचे, मर्जी फिरली की बंद.

ही मर्जी काढून तिथे हक्क बसवायचा, हा विचार वि. स. पागे यांचा. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या गांधीवादी गृहस्थांच्या कल्पनेचा प्रयोग 1965 मध्ये तासगाव तालुक्यात, विसापूर व आसपासच्या गावांत झाला होता. दुष्काळाने ती कल्पना राज्यभर नेली. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. अंगमेहनतीचे काम मागा. पंधरा दिवसांत ते मिळाले नाही तर सरकारने बेकारी भत्ता द्यावा. ज्या डॉ. आंबेडकरांनी 1950 साली आमच्या शहरात मिलिंद महाविद्यालय काढले, त्यांच्या देखरेखीखाली घडलेल्या घटनेच्या 41 व्या कलमात कामाचा हक्क आहे. पण तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून, कोर्टात मागता न येणारा. पाग्यांच्या कायद्याने त्याला दात आले.

पैसा कुठून आणायचा? 1975 मध्ये नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर बसला. इतर काही करांची भर पडली, आणि जितकी रक्कम जमेल तितकीच सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. शहराने खेड्याच्या रोजीची जबाबदारी घेतली ती अशी, कायद्याने. वर्गणी मागून नव्हे. यात शहराचा स्वार्थही होताच. उपाशी खेडे शेवटी शहराच्याच फलाटावर येऊन उतरते.

'फुकटे पोसायचे धंदे' असे म्हणणारे आमच्या स्टाफरूममध्येही आहेत. त्यांनी वैशाखाच्या उन्हात एक दिवस खडी फोडून पाहावी! गरज नसलेला माणूस त्या कामावर फिरकत नाही. वेगळी चाळणी लागतच नाही. खोटी हजेरीपत्रके, कागदावरचे बंधारे, पहिल्या पावसात वाहून गेलेले रस्ते हे सारे झाले, आणि त्याबद्दल ओरड करायलाच हवी. कर आपण भरतो. पण रेशनच्या दुकानात काळाबाजार होतो म्हणून कुणी धान्य बंद करा म्हणत नाही.

2005 मध्ये संसदेने देशासाठी असाच कायदा केला, तो कुटुंबामागे वर्षाला 100 दिवसांचा. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती. आणखी एक गोष्ट त्यात होती, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. दर कामाच्या मापावर ठरत, त्यामुळे बाईला आणि पुरुषाला तोच दर. पाटलाच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या कमी मजुरी घेतलेल्या बायका मोठ्या संख्येने या कामांवर आल्या, आणि हजेरीपत्रकावर आपल्या नावापुढे आपलाच अंगठा उठवून पैसे मोजून घेऊ लागल्या.